चॅटबॉट तोच प्रश्न पुन्हा विचारतो किंवा उत्तर भलत्याच रकान्यात भरतो : कारणे आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते : "बॉटला मराठी कळत नाही." ग्राहकाने नाव सांगितले तरी बॉट पुन्हा नाव विचारतो, पत्ता दिला की त्यातला अर्धा शब्द नावाच्या जागी जाऊन बसतो आणि सगळी उत्तरे देऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी तीच प्रश्नावली पहिल्यापासून सुरू होते. अशा वेळी बॉटला आणखी नमुना वाक्ये शिकवण्याकडे सगळ्यांचा कल असतो. माझ्या अनुभवात त्याचा उपयोग क्वचितच होतो, कारण उत्तर बॉटला कळलेलेच असते. ते चुकीच्या रकान्यात (नाव, पत्ता अशी एकेक माहिती ठेवण्याच्या जागेत) टाकले जाते, तपासणीत नाकारले जाते किंवा भरून ठेवल्यावर हरवते. या तिन्ही बिघाडांचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांतला कोणता बिघाड झाला आहे, हे नुसते संभाषण वाचून कळत नाही. त्यासाठी रकान्यांची नोंद वाचावी लागते.

पुढच्या विवेचनासाठी एकच उदाहरण घेतो. इंदूरच्या भंवरकुआ भागात कोचिंगसाठी आलेल्या विद्यार्थ्यांना डबे पोहोचवणारे एका मराठी कुटुंबाचे पोळीभाजी केंद्र आहे आणि त्याचा व्हॉट्सॲपवर बॉट आहे. नाव, मोबाइल क्रमांक, पत्ता, डबा कोणत्या तारखेपासून हवा आणि एका वेळचा हवा की दोन्ही वेळचा, एवढेच तो विचारतो. ग्राहकांत बुऱ्हाणपूर-खंडव्याकडून आलेली मराठी मुले आहेत, हिंदी बोलणारी मुले आहेत आणि गावाकडून मुलासाठी डबा लावून देणारे आईवडीलही आहेत. साहजिकच एकाच संदेशात मराठी, हिंदी आणि रोमन लिपीतले आकडे एकत्र येतात. प्रश्न मोजके असले तरी बहुतेक सगळे बिघाड एवढ्यातच पाहायला मिळतात.

आधी नोंद, मग दुरुस्ती

प्रत्येक संदेशामागे चार गोष्टी लॉगमध्ये, म्हणजे बॉटच्या नोंदवहीत, उतरल्या पाहिजेत : आलेला मजकूर जसाच्या तसा, त्या क्षणी कोणता प्रश्न उघडा (उत्तराची वाट पाहत) होता, संदेशाच्या आधी व नंतर कोणत्या रकान्यात काय होते, आणि तपासणीने काय निकाल दिला. रासा या बॉट बनवण्याच्या प्रणालीत ट्रॅकरच्या, म्हणजे संभाषणाची नोंद ठेवणाऱ्या भागाच्या, घटना पाहिल्या तर कोणता स्लॉट (रकाना) कधी भरला गेला, हे क्रमाने दिसते. डायलॉगफ्लो या गूगलच्या बॉट-सेवेच्या चाचणी खिडकीतून मिळणाऱ्या जेसन (ठरावीक मांडणीच्या) उत्तरात प्रत्येक पॅरामीटरची (रकान्याची) किंमत, म्हणजे त्यात भरलेली माहिती, असते. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये ही नोंद आपणच करावी लागते आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी केलेली नसते. लॉगमध्ये ग्राहकांचे क्रमांक आणि पत्ते उतरणार असल्यामुळे तो ठरावीक मुदतीनंतर पुसला जाईल, अशी व्यवस्थाही त्याच वेळी करून टाकावी.

तक्रार आलेले एक संभाषण घेऊन ही नोंद ओळीओळीने वाचावी. रकाना बदलला, पण अपेक्षित रकाना तो नव्हता, असे दिसले तर दोष मॅपिंगमध्ये, म्हणजे कोणते उत्तर कोणत्या रकान्यात जावे या नियमात, आहे. रकाना बदललाच नाही किंवा भरून लगेच रिकामा झाला, तर तो तपासणीने नाकारला आहे. रकाना नीट भरला होता, पण पुढच्या संदेशाच्या वेळी रिकामा आढळला, तर साठवणीत किंवा सत्राच्या (ग्राहकाशी सलग चाललेल्या एका संभाषणाच्या) मुदतीत गडबड आहे. हा निवाडा होण्यापूर्वी कोणतेही सेटिंग बदलू नये, कारण एकाच वेळी दोन बदल केले की कोणत्या बदलाने फरक पडला, हे नंतर सांगता येत नाही.

नाव विचारलेले नसताना नाव बदलते

इंदूरमध्ये हा बिघाड फार लवकर उघडा पडतो, कारण इथल्या अनेक वस्त्यांची नावे माणसांच्या नावांवरून पडलेली आहेत. ग्राहक आपले नाव समीर असे सांगतो आणि ते बरोबर नोंदले जाते. पुढे पत्त्याच्या प्रश्नाला तो "राजेंद्र नगर, टाकीजवळ" असे उत्तर देतो. शेवटी खात्री करून घेताना बॉट म्हणतो, "राजेंद्रजी, आपला डबा सोमवारपासून सुरू होईल." नोंद पाहिली की दिसते, पत्त्याचा संदेश आला तेव्हा पत्त्याचा रकाना भरला आणि त्याच क्षणी नावाच्या रकान्यातला समीर जाऊन तिथे राजेंद्र आला. विजय नगर, सुदामा नगर, तिलक नगर, मल्हारगंज, तुकोगंज यांपैकी कोणतीही वस्ती सांगितली तरी हाच धोका असतो.

याचे कारण असे, की नावाचा रकाना "संदेशात व्यक्तिनाम सापडले की भरा" या नियमावर ठेवलेला असतो आणि तो नियम प्रत्येक संदेशाला लागू असतो. रासाच्या 3.0 आवृत्तीपासून स्लॉटचे मॅपिंग फॉर्ममधून (बॉटच्या प्रश्नावलीतून) निघून डोमेन या मांडणी-फाइलच्या स्लॉट विभागात आले. त्यामुळे फॉर्म चालू असो वा नसो, कोणताही प्रश्न उघडा असो, मॅपिंग दर संदेशाला चालते. जुन्या आवृत्तीत व्यवस्थित चाललेला बॉट नव्या आवृत्तीवर आणल्यावर अचानक नावे बदलू लागला, अशी तक्रार आली, तर सर्वप्रथम इथेच पाहावे.

उपाय म्हणजे मॅपिंगला अट जोडणे. रासात मॅपिंगखाली कंडिशन्स लिहिता येतात. तिथे ॲक्टिव्ह लूप (चालू फॉर्म) म्हणून त्या फॉर्मचे नाव आणि रिक्वेस्टेड स्लॉट (विचारलेला रकाना) म्हणून त्याच रकान्याचे नाव दिले, की नावाचा प्रश्न उघडा असतानाच नाव भरले जाते. रकान्याचे मॅपिंग पूर्ण मजकूर उचलणारे, म्हणजे फ्रॉम-टेक्स्ट प्रकारचे असेल, तर ही अट नसणे अधिकच घातक ठरते. मग ग्राहकाचा प्रत्येक संदेश त्या रकान्यात उतरत जातो आणि शेवटी पत्त्याच्या जागी "बरं, ठीक आहे" एवढेच उरते.

या अटीची किंमत मात्र मोजावी लागते. "मी समीर, विजय नगरला उद्यापासून दोन्ही वेळचा डबा हवा" असे सगळे एका दमात सांगणाऱ्या ग्राहकाला बॉट पुन्हा एकेक गोष्ट विचारू लागतो आणि तोही वैतागतो. म्हणून सरसकट अट लावणे मला योग्य वाटत नाही. ज्यांचा आकार ठरलेला आहे, अशा गोष्टी, जसे दहा आकडी क्रमांक किंवा डब्याची वेळ, कोणत्याही संदेशातून उचलायला हरकत नाही, मात्र तो रकाना रिकामा असला पाहिजे. नाव आणि पत्ता त्यांचा प्रश्न उघडा असतानाच घ्यावा. आणि एकदा भरलेला रकाना ग्राहकाने स्पष्टपणे बदलायला सांगितल्याशिवाय कोणत्याही मार्गाने बदलू नये. हा शेवटचा नियम मॅपिंगवर न सोडता कोडमध्ये स्वतंत्रपणे लिहावा.

वस्त्यांची यादी हाताशी असेल तर ती व्यक्तिनामाच्या आधी तपासावी. "नगर", "गंज", "पुरा", "कॉलनी" हे शब्द मागोमाग आले तर आधीचा शब्द व्यक्तिनाम मानू नये. त्याहून सोपा मार्ग म्हणजे वस्ती टाइप करायला न लावता यादीतून निवडायला देणे. व्हॉट्सॲपच्या यादीत जास्तीत जास्त 10 ओळी बसतात. डबा पोहोचवण्याचे भाग बहुधा त्यात मावतात आणि शेवटची ओळ "इतर" अशी ठेवता येते. उत्तर-बटणे मात्र 3 पेक्षा जास्त देता येत नाहीत आणि बटणावरचा मजकूर 20 चिन्हांच्या आत बसवावा लागतो. देवनागरीत इथे फसगत होते. "दुपार आणि संध्याकाळ दोन्ही" हा मजकूर डोळ्यांना अकरा अक्षरांचा दिसतो, पण काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त आणि मोकळ्या जागा वेगळ्या मोजल्या की तो 26 चिन्हांचा होतो. असा संदेश पाठवताना नाकारला जातो, ग्राहकापर्यंत प्रश्न पोहोचतच नाही आणि आपल्याला मात्र ग्राहक उत्तर देत नाही असे वाटते. "दोन्ही वेळ" एवढेच लिहिले की काम भागते.

"आधी भाव सांगा" हे नाव होऊन बसते

नाव विचारल्यावर आपल्याकडचा सुजाण ग्राहक आधी भाव विचारतो. पूर्ण मजकूर उचलणाऱ्या रकान्यात मग "आधी भाव सांगा" हेच नाव म्हणून नोंदले जाते आणि बॉट पुढे विचारतो, "आधी भाव सांगाजी, आपला पत्ता काय?" हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हे, कारण स्वयंपाकघरात डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या याच रकान्यावरून छापल्या जातात.

फ्रॉम-टेक्स्ट मॅपिंगला नॉट-इंटेंट (अमुक हेतूचे संदेश वगळा) ही सोय आहे. त्यात भाव विचारणे, मेनू विचारणे, माणसाशी बोलायचे आहे असे सांगणे, नकार देणे हे हेतू लिहून ठेवले, तर ते संदेश रकान्यात जात नाहीत. फॉर्म बाजूला थांबतो, भावाचे उत्तर दिले जाते आणि मग नावाचा प्रश्न पुन्हा विचारला जातो. हा परतीचा प्रवास नियमात लिहिलेला असावा लागतो. तो नसेल तर भाव सांगून बॉट गप्प बसतो आणि फॉर्म अर्धवट लटकतो. भाव सांगताना लगेच नावाचा प्रश्न त्याच वाक्याला जोडू नये, नाहीतर तो फॉर्मकडूनही येतो आणि ग्राहकाला दोनदा दिसतो.

खरे तर काही प्रश्न विचारण्याची गरजच नसते. व्हॉट्सॲपवरून संदेश आला की वेबहुकमध्ये, म्हणजे व्हॉट्सॲप आपल्या सर्व्हरला पाठवते त्या सूचनेत, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि त्याचे प्रोफाइलवरचे नाव आलेलेच असते. तरीही दहा आकडे टाइप करायला लावणारे बॉट मी पाहिले आहेत. "डब्याबाबत याच क्रमांकावर फोन करावा का?" एवढा प्रश्न दोन बटणांसह विचारला तर क्रमांकाच्या तपासणीचा निम्मा त्रास संपतो. आईवडील मुलासाठी डबा लावत असतील, तर ते "दुसरा क्रमांक" निवडतील आणि तेवढ्याच वेळी टाइप करण्याची वेळ येईल. प्रोफाइलवरचे नाव मात्र तसेच उचलू नये. तिथे नावाऐवजी फुलाचे चित्र, देवाचे नाव किंवा दुकानाचे नाव असण्याची शक्यता बरीच असते. ते सुचवून विचारावे.

तपासणी बरोबर उत्तर नाकारते

नाव सांगूनही बॉट नावच विचारत राहतो, हा या प्रकारातला सर्वांत चकवणारा बिघाड आहे, कारण तो सगळ्यांना दिसत नाही. रोमन लिपीत नाव लिहिणाऱ्यांचे काम सुरळीत होते. देवनागरीत लिहिणाऱ्यांपैकी मदन, कमल, नयन यांचेही होते, पण राजेश, मीनल आणि विद्या मात्र अडतात. अशी विभागणी दिसली, की नमुना वाक्यांचा नाद सोडून नावाची तपासणी करणारा कोड उघडावा. पायथनमध्ये अक्षरे ओळखणारी नेहमीची चाचणी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही. युनिकोडच्या दृष्टीने ती जोडचिन्हे आहेत. नियमित पदावलीतले (मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रांतले) बॅकस्लॅश-डब्ल्यू हे चिन्हही पायथनच्या मूळ मॉड्यूलमध्ये याच कारणाने अडते. मदनमध्ये जोडचिन्ह नसल्यामुळे तो सुटतो आणि मीनल वेलांटीवर अडकते.

अक्षरांच्या वर्गासोबत जोडचिन्हांचा वर्गही मान्य करणे, हा यावरचा इलाज आहे. जावास्क्रिप्टमध्ये युनिकोडचा पर्याय चालू करून आणि पायथनमध्ये रेजेक्स नावाचे वेगळे मॉड्यूल वापरून हे दोन्ही वर्ग थेट लिहिता येतात. त्याखेरीज मोकळी जागा, टिंब आणि अक्षरे जोडणारी व तोडणारी अदृश्य चिन्हेही स्वीकारावीत. चाचणीसाठी गोऱ्हे, डॉ. ऋचा, श्रीकृष्ण, अशी नावे मुद्दाम घ्यावीत. गोऱ्हे या नावातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक तर स्वतंत्र चिन्ह म्हणून किंवा साध्या र खाली नुक्ता देऊन. दोन्ही दिसायला सारखे, पण तुलना केली की वेगळे निघतात. त्यामुळे जुना ग्राहक नवा म्हणून नोंदला जातो. साठवण्यापूर्वी मजकूर युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणून घेतला की हा भेद मिटतो.

नाव तपासताना फार कडक होऊ नये, असे माझे मत आहे. प्रश्नचिन्ह असेल, आकडे असतील किंवा पाच-सहा शब्दांहून लांब वाक्य असेल तर विचारून खात्री करावी. बाकी काहीही आले तरी स्वीकारावे. लोकांची नावे आपल्या नियमात बसलीच पाहिजेत, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मोबाइल क्रमांकाची अडचण आकड्यांच्या लिपीत असते. पायथनमध्ये बॅकस्लॅश-डी हे चिन्ह देवनागरी आकड्यांनाही आकडे मानते, जावास्क्रिप्टमध्ये तेच चिन्ह फक्त इंग्रजी (0 ते 9) आकडे ओळखते. बॉट एका भाषेत आणि नोंदणीचे पान दुसऱ्या भाषेत लिहिलेले असेल, तर तोच क्रमांक एकीकडे चालतो आणि दुसरीकडे नाकारला जातो. म्हणून तपासण्याच्या आधीच सगळे आकडे इंग्रजी करून घ्यावेत, मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढाव्यात आणि मग पाहावे. एकूण 12 आकडे असून सुरुवात 91 ने होत असेल तरच ते पहिले दोन काढावेत, 11 असून पहिला शून्य असेल तर तो काढावा. लांबी न पाहता सुरुवातीचे 91 सरसकट छाटणारा कोड 91 ने सुरू होणारे खरे दहा आकडी क्रमांकही आठ आकडी करून टाकतो आणि मग तेच नाकारतो. शेवटी उरलेले 10 आकडे 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतात का, एवढे पाहावे. माहिती पुढे तक्त्यात जात असेल तर क्रमांकाचा स्तंभ मजकूर म्हणून ठेवावा. अन्यथा अधिकचे (+) चिन्ह गळते आणि एक्सेलमध्ये 12 आकडी क्रमांक ई असलेल्या दशांश रूपात दिसू लागतो.

नाकारलेल्या उत्तराबाबत आणखी एक दोष सगळीकडे सापडतो. रासाच्या तपासणी-फंक्शनने रकान्याची किंमत रिकामी परत केली, की फॉर्म तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारतो. काय चुकले, ते ग्राहकाला कोणी सांगत नाही. म्हणून किंमत रिकामी करण्यापूर्वी त्याच फंक्शनमधून कारण सांगणारा संदेश पाठवावा : "आपण पाठवलेल्या क्रमांकात 9 आकडे आहेत, एखादा राहिला आहे का, कृपया पाहावे." डायलॉगफ्लोच्या सीएक्स आवृत्तीत पहिल्या आणि दुसऱ्या चुकीसाठी वेगवेगळे रीप्रॉम्प्ट (पुन्हा विचारण्याचे प्रश्न) लिहिता येतात. ते रिकामे न सोडता दुसऱ्या वेळी नमुना उत्तर दाखवावे. तोच प्रश्न त्याच शब्दांत तिसऱ्यांदा आला तर ग्राहक फोन उचलून थेट केंद्राला लावतो, आणि मग बॉट ठेवण्याला काही अर्थ राहत नाही.

तारीख एका दिवसाने चुकते

ही तक्रार अधूनमधून येते आणि दिवसा तपासले तर बॉट अगदी बरोबर वागतो. संदेशांच्या वेळा पाहिल्या की उलगडा होतो. चुकलेले सगळे संदेश मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळातले असतात. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा 5 तास 30 मिनिटे पुढे आहे. इंदूरमध्ये तारीख बदललेली असते, पण सर्व्हरवर कालचाच दिवस चालू असतो, त्यामुळे "उद्या" म्हणजे आजची तारीख ठरते. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात खाऊन परतलेली मुले खोलीवर जाऊन उद्याचा डबा सांगतात, हे ज्या शहरात नेहमीचेच आहे तिथे हा बिघाड अपवादात्मक म्हणून सोडून देता येत नाही. तारखेची गणना करताना आशिया-कोलकाता हा कालविभाग स्पष्टपणे द्यावा. सर्व्हरच्या घड्याळावर विसंबू नये.

हिंदी बोलणारा ग्राहक "कल से" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ पुढचा दिवस असतो, पण मराठी नमुन्यांवर शिकवलेला बॉट त्याला काल समजून "मागील तारीख चालणार नाही" असे उत्तर देतो. डबा सुरू करण्याची तारीख मागची असूच शकत नाही, हा नियम इथे उपयोगी पडतो : दोन अर्थ निघत असतील तर पुढची तारीख घ्यावी आणि ती वारासह लिहून खात्री करून घ्यावी. 5/6 असे लिहिल्यावर आधी दिवस की आधी महिना, हा घोळही वार लिहिल्याने ताबडतोब लक्षात येतो. 12 पर्यंतचे आकडे गुपचूप उलटतात आणि 13 पासून पुढचे उलटत नाहीत. म्हणून महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात केलेली चाचणी या बाबतीत फसवी असते.

भरलेली माहिती हरवते किंवा नको तेव्हा परत येते

विद्यार्थी तासाला बसण्यापूर्वी नाव सांगतो आणि तास संपल्यावर पुढचे उत्तर देतो. डायलॉगफ्लोच्या ईएस आवृत्तीत आउटपुट कॉन्टेक्स्टचे (संभाषणाचा धागा लक्षात ठेवणाऱ्या नोंदीचे) आयुष्य साधारणपणे 5 फेऱ्यांचे ठेवलेले असते, पाठोपाठच्या इंटेंटसाठी (हेतूसाठी) ते 2 फेऱ्यांचे असते, आणि 20 मिनिटांनी कॉन्टेक्स्ट तसाही संपतो. मधल्या काळात दोन-चार इकडचे-तिकडचे प्रश्न विचारले गेले, तरी धागा तुटतो. रासात सत्राची मुदत मुळात 60 मिनिटांची असते आणि जुने स्लॉट नव्या सत्रात नेण्याची सोय चालू असते. त्यातून उलटी गंमत घडते. सत्र नवे, फॉर्म बंद, पण रकाने मात्र भरलेले. पूर्वी डबा बंद केलेला मुलगा खोली बदलून पुन्हा डबा लावायला येतो, तेव्हा बॉट एकही प्रश्न न विचारता जुन्या पत्त्यावर डबा पाठवण्याची तयारी दाखवतो.

मुदत नुसती वाढवून हे सुटत नाही. ग्राहकाची माहिती क्रमांकाच्या आधारे स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवावी आणि नवी मागणी सुरू झाली की एकदा विचारावे, "मागील पत्ता हाच ठेवावा का?" तारीख आणि वेळ मात्र प्रत्येक मागणीच्या सुरुवातीला कोरी करावी. रासाचा ट्रॅकर वेगळे काही न सांगितल्यास सर्व्हरच्या स्मृतीत राहतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की चालू असलेली सगळी संभाषणे पुसली जातात. रोज ठरावीक वेळेनंतर सगळ्यांनाच पहिल्यापासून विचारले जात असेल, तर त्या वेळी सर्व्हर पुन्हा सुरू होतो का, ते पाहावे आणि ट्रॅकर एसक्यूएल किंवा रेडिस डेटाबेसमध्ये हलवावा.

अर्धवट राहिलेल्या ग्राहकाला आठवण करण्याचा विचार असेल तर 24 तासांची मर्यादा ध्यानात घ्यावी. ग्राहकाच्या शेवटच्या संदेशानंतर तेवढा काळ उलटला की व्हॉट्सॲपवर मुक्त मजकूर पाठवता येत नाही, आधी मंजूर करून घेतलेला टेम्पलेटच (ठरावीक मजकुराचा संदेशच) लागतो.

एक उत्तर दोन प्रश्नांना लागते

पत्त्याच्या रकान्यात "समीर" आणि नावाच्याही रकान्यात "समीर" असे दिसले, तर ग्राहकाने दोनदा लिहिले असे समजू नये. आपल्या सर्व्हरने संदेश मिळाल्याची पोच, म्हणजे 200 हा प्रतिसाद, वेळेत दिला नाही तर व्हॉट्सॲप तोच संदेश पुन्हा पाठवते. पहिली प्रत उघड्या प्रश्नाला लागते, दुसरी तोवर उघडलेल्या पुढच्या प्रश्नाला. पोच ताबडतोब द्यावी आणि प्रक्रिया मागाहून करावी. प्रत्येक संदेशाचा क्रमांक साठवून तोच पुन्हा आला तर दुर्लक्ष करावे. ग्राहक नाव, आडनाव आणि पत्ता तीन तुकड्यांत पाठवतो, तेव्हाही असाच घोटाळा होतो. एका ग्राहकाचे संदेश एकामागून एकच हाताळावेत आणि शेवटच्या तुकड्यानंतर दोन-तीन सेकंद थांबून मग उत्तर द्यावे.

भाषा-मॉडेलवर चालणारा बॉट असेल तर

अलीकडे फॉर्मऐवजी मोठ्या भाषा-मॉडेललाच (मजकूर वाचून उत्तर लिहिणाऱ्या एआयला) "ही माहिती गोळा कर" अशी सूचना देण्याची रीत पडली आहे. त्यात वस्ती आणि नाव यांची गल्लत कमी होते, पण दुसराच दोष येतो. मॉडेल ज्यात माहिती भरते, त्या साधनाच्या जेसन रचनेत पाचही रकाने अनिवार्य म्हणून लिहिलेले असतील, तर ग्राहकाने तारीख सांगितलेली नसतानाही मॉडेल एखादी तारीख मनाने भरून मोकळे होते. प्रत्येक रकान्याला रिकामी किंमत चालेल, असे रचनेतच लिहावे आणि सर्व रकाने भरले आहेत की नाहीत, हे मॉडेलने ठरवू नये, आपल्या कोडने ठरवावे. आतापर्यंत काय मिळाले, ते संभाषणाच्या इतिहासावर न सोडता दर फेरीला मॉडेलसमोर नव्याने मांडावे, कारण लांबलेल्या संभाषणात इतिहास कापला जातो आणि मग हेही बॉट नाव पुन्हा विचारू लागतात. तारखेसाठी ग्राहकाचे मूळ शब्द वेगळ्या रकान्यात मागावेत आणि गणना कोडमध्ये करावी. नाव जसे लिहिले तसेच ठेवण्याची सूचना नसेल, तर मॉडेल ते कधी रोमन लिपीत उतरवते, कधी देवनागरीत, आणि डब्यावरची चिठ्ठी रोज बदलते.

काय विचारू नये

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 नुसार संमती सांगितलेल्या हेतूपुरती आणि त्यासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. 18 वर्षांखालील व्यक्तीला हा कायदा बालक मानतो आणि तिच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती मागतो. कोचिंगच्या वस्तीत डबे देणाऱ्याने ही बाब गांभीर्याने घ्यावी. डबा पोहोचवायला जन्मतारीख, कॉलेजचे नाव किंवा आधार क्रमांक लागत नाही. "पुढे कधी उपयोगी पडेल" म्हणून वाढवलेला प्रत्येक प्रश्न वर सांगितलेल्या सगळ्या बिघाडांना आणखी एक जागा देतो. पहिल्याच संदेशात माहिती कशासाठी हवी, ते दोन वाक्यांत सांगावे, मग नाव विचारावे.

दुरुस्ती मागितल्यावर आणि माणसाकडे सोपवल्यावर

खात्रीच्या टप्प्यावर ग्राहकाने "पत्ता चुकला" म्हटले तर फक्त तोच रकाना रिकामा करून फॉर्म पुन्हा चालू करावा. भरलेले रकाने फॉर्म वगळतो आणि पत्ताच विचारतो. संपूर्ण फॉर्म कोरा करणारे "पुन्हा सुरू करा" हे बटण त्या ठिकाणी ठेवूच नये.

एकाच प्रश्नावर तीनदा अडल्यास संभाषण माणसाकडे द्यावे आणि देताना तोवर मिळालेली माहिती केंद्रातल्या व्यक्तीला एकत्र दाखवावी, नाहीतर केंद्र चालवणाऱ्या काकू फोन करून पुन्हा नावापासून विचारतात. त्याच वेळी फॉर्म निष्क्रिय करावा आणि उघडा प्रश्नही पुसावा. हे राहून गेले, तर काकूंनी सगळे ठरवून झाल्यावर ग्राहक "धन्यवाद" असे लिहितो आणि जागा झालेला बॉट तो शब्द मोबाइल क्रमांक म्हणून तपासून सांगतो, की यात एकही आकडा नाही.